स्मृतीची उतरंड : सी भाषेतील स्टॅकव्यवस्थेचा इतिहास

१

सी या संगणकभाषेचे अधिकृत मानक प्रथम १९८९ साली सिद्ध झाले. त्यातील नियम वाचीत गेले असता एक गोष्ट लक्षात येते, ती ही की, 'स्टॅक' हा शब्द त्यांत योजलेला नाही. फंक्शनच्या आत जाहीर केलेली चले 'स्वयंचलित' साठवणीची असतात, फंक्शनात प्रवेश होताच ती अस्तित्वात येतात आणि तेथून बाहेर पडताच त्यांचे आयुष्य संपते, एवढेच मानक सांगते. ही चले स्मृतीत कोठे राहतात, त्यांस जागा कोण देते, जागा अपुरी पडली तर काय होते, याविषयी ते मौन पाळते. उलटपक्षी, सी भाषेत काम करणाऱ्या कोणाही आज्ञावलीकाराच्या तोंडी 'स्टॅक' हा शब्द दिवसातून अनेकदा येतो. त्याच्या मोठ्या अडचणींपैकी बऱ्याच तेथेच उद्भवतात.

नियमात नसलेली, परंतु व्यवहारात सर्वत्र गृहीत धरलेली ही व्यवस्था आली कोठून? ती सी भाषेपूर्वी सुमारे पाव शतक जुनी आहे. तिचा उगम स्मृतीच्या वाटपात नसून वाक्यरचनेच्या, विशेषतः कंसात कंस असणाऱ्या रचनेच्या, प्रश्नात आहे. सी भाषेने ही व्यवस्था स्वीकारली. तथापि तिच्यासोबत अन्यत्र विकसित झालेली राखणदारी मात्र स्वीकारली नाही. या त्यागाची किंमत पुढे किती पडली आणि ती कोणी दिली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट ठरेल. नाण्यांची किंवा ताटांची चळत आणि मडक्यांची उतरंड हे दोन्ही शब्द मराठीत रूढ आहेत. उतरंडीतील खालच्या मडक्यातले धान्य हवे असल्यास वरची मडकी आधी उतरवावी लागतात. जे शेवटी ठेवले, तेच प्रथम निघते. संगणकशास्त्रातील स्टॅकचा नियम नेमका हाच आहे.

ही कल्पना लेखी स्वरूपात मांडणारा पहिला ग्रंथकार म्हणून ॲलन ट्यूरिंग याचे नाव घ्यावे लागते. १९४५ च्या अखेरीस इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी त्याने इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राची योजना लिहिली. एखादे मोठे काम चालू असता मध्येच एखादे पोटकाम करावयाचे झाले, तर मूळ काम कोठे थांबले याची नोंद ठेवावी लागते. पोटकामाच्या पोटात आणखी एक काम निघाले, तर आणखी एक नोंद. या नोंदी ठेवण्याच्या क्रियेस ट्यूरिंगने 'पुरणे' आणि परत काढण्याच्या क्रियेस 'उकरणे' अशा अर्थाची नावे दिली होती.

परंतु आरंभीच्या यंत्रांवर ही योजना रुजली नाही. केंब्रिज येथील एडसॅक हे यंत्र १९४९ साली चालू झाले. त्यावर डेव्हिड व्हीलर याने उपक्रमांसाठी, म्हणजे पुनःपुन्हा वापरावयाच्या आज्ञासमूहांसाठी, एक युक्ती काढली. उपक्रमास बोलावताना आपला पत्ता त्याच्या हाती द्यावयाचा, आणि उपक्रमाने तो पत्ता घालून आपल्या अखेरीची परतीची आज्ञा स्वतःच तयार करावयाची. युक्ती सुटसुटीत होती. मात्र तीत परतीचा पत्ता ठेवण्यास एकच जागा होती. उपक्रमाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने पुन्हा स्वतःलाच बोलावले, तर दुसरा पत्ता पहिल्यावर लिहिला जाई आणि पहिल्या परतीची वाट कायमची नाहीशी होई.

१९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी आलेल्या फोर्ट्रान भाषेचा दृष्टिकोनही असाच होता. आज्ञावली चालू होण्यापूर्वीच प्रत्येक चलाची जागा स्मृतीत कायम नेमून दिली जाई. पुढील वर्षीच्या आवृत्तीत उपक्रम आले, तरी त्यांच्या चलांनाही एकेकच कायमची जागा मिळाली. हिशेबी कामास हे पुरेसे होते आणि वेगही मिळत होता. स्वतःला बोलावणारी, म्हणजे पुनरावर्ती, रचना मात्र निषिद्ध राहिली. फोर्ट्रानच्या मानकात तिला प्रवेश मिळण्यास १९९१ साल उजाडावे लागले.

३

दुसरी वाट सूत्रांच्या वाचनातून निघाली. (क + ख) × (ग − घ) हे सूत्र डावीकडून उजवीकडे वाचताना यंत्रास एक अडचण येते. गुणाकाराचे चिन्ह भेटते तेव्हा त्याचा उजवा पद अद्याप तयार नसतो. म्हणून पहिल्या कंसाचे उत्तर आणि गुणाकाराचे चिन्ह ही दोन्ही कोठे तरी राखून ठेवावी लागतात; मग दुसरा कंस सोडवावा आणि राखून ठेवलेले परत काढावे. कंसांची खोली वाढली तरी नियम तोच राहतो. सर्वांत शेवटी राखलेले सर्वांत आधी लागते.

म्युनिक येथील फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस झामेलझोन या दोघांनी हे तत्त्व यंत्ररचनेत आणले आणि मार्च १९५७ मध्ये जर्मनीत त्याच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्यांनी दिलेले नाव होते तळघर. जवळपास त्याच काळात ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन याने पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच याच्या कंसरहित लेखनपद्धतीवरून तशीच रचना स्वतंत्रपणे सुचविली. हॅम्ब्लिन हा व्यवसायाने तत्त्वज्ञ होता. इंग्लंडच्या केडीएफ ९ या यंत्रात ती प्रत्यक्षात आली. तेथील उतरंड अवघ्या १६ घरांची होती.

येथवर स्टॅकमध्ये केवळ सूत्रांची मधली उत्तरे राहत होती. चलांची वस्ती तेथे अजून झाली नव्हती. ती होण्यास कारण झाली अल्गोल ६० ही भाषा. जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे १३ तज्ज्ञांच्या समितीने तिचा आराखडा ठरविला आणि पीटर नाउर याने तो संपादित केला. उपक्रमाने स्वतःस बोलवावे की नाही, हा प्रश्न बैठकीत निकालात निघाला नव्हता. फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमहून आड्रियान व्हान वाइंगार्डन आणि एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी नाउर यास दूरध्वनी केला, आणि त्या संभाषणानुसार अहवालात एका वाक्याची भर पडली. त्या वाक्याने उपक्रमाच्या अंगात आलेल्या त्याच्याच नावाचा अर्थ 'पुन्हा आवाहन' असा ठरला आणि पुनरावर्तन भाषेत दाखल झाले. बाउअर याने पुढे या घटनेचा उल्लेख 'ॲमस्टरडॅमचा कट' असा केला. ज्याने उतरंड रचली, त्यालाच तिचा हा उपयोग रुचला नाही, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

भाषेत वाक्य आले; आता ते यंत्रावर चालविणे भाग होते. १९६० सालीच डाइक्स्ट्राने 'न्यूमेरिशे मॅथेमॅटिक' या नियतकालिकात पुनरावर्ती आज्ञालेखनावर एक छोटा लेख लिहिला. त्याचा युक्तिवाद साधा होता. सूत्रांची मधली उत्तरे ज्या उतरंडीत ठेवावयाची, तीतच उपक्रमाची चले आणि परतीचा पत्ता का ठेवू नयेत? प्रत्येक आवाहनासाठी उतरंडीवर एक नवी चौकट चढेल आणि उपक्रम संपताच ती उतरेल. एकच उपक्रम दहा वेळा अर्धवट अवस्थेत असला, तर दहा चौकटी एकमेकींवर असतील आणि कोणाचीही चले दुसऱ्याच्या चलांत मिसळणार नाहीत. 'स्टॅक' हे नाव या लेखाने रूढ केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात डाइक्स्ट्रा आणि झॉनेव्हेल्ड यांचा अल्गोल भाषांतरक एलेक्ट्रोलॉजिका एक्स १ या यंत्रावर चालू झाला.

पुरणे, तळघर आणि चळत ही तीन रूपके क्रमाने पाहिली, तर कल्पनेचा विकास त्यांत उमटलेला दिसतो. पहिल्या दोहोंत दृष्टीआड करण्याचा भाव आहे, तिसऱ्यात क्रमाचा. स्मृतीची साठवण ही लपवण्याची बाब न राहता रचण्याची बाब झाली.

४

हा काळ आणि भाषाशास्त्रातील एका महत्त्वाच्या वादाचा काळ एकच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नोम चॉम्स्की याने १९५६-५७ मध्ये दाखविले की, वाक्यात वाक्य घालण्याची मुभा असणाऱ्या भाषेचे वर्णन सान्त अवस्थांच्या यंत्राने होऊ शकत नाही. उतरंडीसारखी स्मृती जोडलेल्या यंत्राने कोणत्या रचना ओळखता येतात, याचे गणित पुढच्या काही वर्षांतच सिद्ध झाले. १९६० साली व्हिक्टर इंग्व्हे याने याच कल्पनेस मानसिक अर्थ दिला. वाक्य उच्चारताना बोलणाऱ्यास पुढील बांधिलक्या तात्पुरत्या स्मृतीत धराव्या लागतात. ही स्मृती मर्यादित असल्यामुळे भाषा फार खोल रचना टाळतात, असा त्याचा सिद्धान्त होता.

मराठीतील एक उदाहरण घेता येईल. 'शिक्षकाने मुलाने मावशीने दिलेल्या पैशांतून आणलेले पुस्तक वाचले.' हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. तीन कर्ते ओळीने येतात आणि क्रियापदे उलट्या क्रमाने त्यांची जुळणी करतात : शेवटी आलेल्या मावशीचे देणे प्रथम, मग मुलाचे आणणे, अखेरीस शिक्षकाचे वाचणे. ऐकणाऱ्याच्या मनात जणू तीन चौकटींची उतरंड चढते आणि उतरते. व्यवहारात मात्र मराठी भाषक 'मावशीने जे पैसे दिले, त्यांतून मुलाने जे पुस्तक आणले, ते शिक्षकाने वाचले' असे म्हणणे पसंत करील. जो-तो रचनेत एक चौकट रिकामी झाल्यावरच दुसरी चढते, म्हणून स्मृतीवर ताण पडत नाही.

व्याकरण खोलीस मर्यादा घालीत नाही. मर्यादा घालते ती स्मृती. चॉम्स्की आणि जॉर्ज मिलर यांनी १९६३ मध्ये केलेला हा भेद सी भाषेच्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

५

उतरंडीचे यंत्रावर दोन प्रकारे आगमन झाले. पहिला प्रकार बरोज कंपनीच्या बी ५००० या यंत्राचा. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या या यंत्राची रचना रॉबर्ट बार्टन याच्या कल्पनेवर आधारलेली होती. अल्गोल भाषा डोळ्यांसमोर ठेवूनच त्याचे अंतरंग घडविले गेले. तेथे स्टॅक हा यंत्राचा अवयव होता. एवढेच नव्हे, तर प्रत्येक सारणीसोबत तिची लांबी सांगणारा वर्णक असे आणि सीमेबाहेरचा संदर्भ यंत्र स्वतःच अडवी. इंग्लंडात टोनी होअर याने इलियट कंपनीच्या यंत्रांसाठी केलेल्या अल्गोल भाषांतरकातही सारणीच्या प्रत्येक संदर्भाची सीमा तपासली जात असे. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे ग्राहकांस विचारले असता त्यांनी ती एकमुखाने नाकारली, असे होअर याने १९८० च्या ट्यूरिंग व्याख्यानात सांगितले आहे.

दुसरा प्रकार सी भाषेचा. तिची वंशावळ बीसीपीएल (१९६७, मार्टिन रिचर्ड्स) आणि बी (केन टॉम्प्सन) या भाषांतून येते. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची याने १९७१ ते १९७३ या काळात तिला आकार दिला. हातात होते पीडीपी ११ हे लहान यंत्र. त्याच्या १६ बिटांच्या पत्त्यांत एका वेळी ६४ किलोबाइटच मावत. त्याच्या आठ रजिस्टरांपैकी सहाव्या क्रमांकाचे रजिस्टर उतरंडीचे टोक दाखवी. अशा यंत्रावर चौकटीचे वाटप म्हणजे केवळ एका आकड्यातून दुसरा वजा करणे. शंभर बाइट हवेत? टोक शंभराने खाली सरकवावे. काम संपले? पूर्ववत करावे. शोध नाही, नोंदवही नाही, सफाई नाही. स्मृतिवाटपाची याहून स्वस्त रीत कल्पिणे कठीण आहे, आणि सी भाषेच्या यशाचा काही वाटा निःसंशय या स्वस्ताईस द्यावा लागतो.

परंतु त्याच सुमारास सी भाषेने आणखी एक निर्णय घेतला. सारणीचे नाव म्हणजे व्यवहारात तिच्या पहिल्या घराचा पत्ता, असे ठरले. सारणी दुसऱ्या फंक्शनच्या स्वाधीन करताना हा पत्ता जातो, लांबी जात नाही. अक्षरमालेचा शेवट ओळखावयाचा तो अखेरच्या शून्यावरून. बी ५००० मधील वर्णकाचे कार्य येथे आज्ञावलीकाराच्या सावधगिरीवर सोपविले गेले.

हे दोन निर्णय पृथक् पाहिले तर निरुपद्रवी वाटतात; एकत्र आल्यावर मात्र ते घातक ठरले. याचे कारण चौकटीच्या रचनेत आहे. पीडीपी ११ वर, आणि पुढे बहुतेक लोकप्रिय यंत्रांवर, उतरंड मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे वाढते. सारणी मात्र लहान पत्त्याकडून मोठ्या पत्त्याकडे भरली जाते. फंक्शनच्या चौकटीत प्रथम परतीचा पत्ता ठेवला जातो आणि त्याखाली स्थानिक सारणी. म्हणून सारणीत मापापेक्षा अधिक मजकूर ओतला गेला, की तो थेट परतीच्या पत्त्याच्या दिशेने चढतो. हे अटळ नव्हते. मल्टिक्स या प्रणालीच्या यंत्रावर उतरंड वरच्या दिशेने वाढे, त्यामुळे सांडलेला मजकूर आपल्याच परतीच्या पत्त्यावर न पडता पुढील रिकाम्या जागेत जाई. त्याने संपूर्ण संरक्षण मिळत नसे. तरी धोक्याची सर्वांत सोपी वाट बंद होती.

६

धोका अज्ञात होता असेही नाही. अमेरिकी हवाईदलासाठी जेम्स अँडरसन याने १९७२ मध्ये लिहिलेल्या अहवालात, सीमा न तपासता मजकूर उतरविणाऱ्या आज्ञेमुळे परक्यास यंत्राचा ताबा कसा मिळू शकतो, याचे वर्णन आढळते. म्हणजे सी भाषा घडत असतानाच तिचा भावी दोष दुसरीकडे लेखनिविष्ट झाला होता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी तो जगापुढे आला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती पसरविणारी एक आज्ञावली आंतरजालाशी जोडलेल्या यंत्रांतून पसरली. तिच्या अनेक वाटांपैकी एक 'फिंगर' या सेवेतून जात होती. या सेवेच्या चौकटीत ५१२ बाइटांची सारणी होती आणि ती भरण्यासाठी 'गेट्स' हे ग्रंथालयातील फंक्शन योजले होते. या फंक्शनास केवळ पत्ता दिला जाई. मापाची विचारणा करण्याची सोयच त्यात नव्हती. आक्रमक आज्ञावलीने ५३६ बाइट पाठविले. जादा बाइटांनी परतीचा पत्ता बदलला आणि व्हॅक्स यंत्रे परतली ती पाहुण्याने आणलेल्या आज्ञांकडे. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा नेहमी दिला जाणारा आकडा हा अंदाजच होता. तथापि या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन करावे लागले, यावरून तिचे गांभीर्य कळते.

यापुढील इतिहास दुरुस्त्यांचा आहे. १९९६ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकाच्या ४९ व्या अंकात या आक्रमणाची रीत पायरीपायरीने मांडली गेली आणि ती सर्वतोमुखी झाली. १९९८ मध्ये स्टॅकगार्ड ही योजना आली. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत. त्याच नावाचा एक गुप्त आकडा सारणी आणि परतीचा पत्ता यांच्यामध्ये ठेवला जातो. परतण्यापूर्वी तो तपासावयाचा. बदललेला आढळल्यास आज्ञावली थांबवावयाची. स्टॅकमधील मजकूर आज्ञा म्हणून चालूच नये, अशी सोय पुढे प्रोसेसरांत आली. आक्रमकांनी तीवरही तोड काढली : नव्या आज्ञा न आणता आधीच असलेल्या आज्ञांचे तुकडे परतीच्या पत्त्यांनी जोडले. 'गेट्स' हे फंक्शन सी मानकातून गेले ते २०११ मध्ये, म्हणजे १९८८ च्या घटनेनंतर २३ वर्षांनी.

या सर्व उपायांचे स्वरूप एकच आहे. लांबीचे ज्ञान भाषेने सोडून दिले. ते परत न आणता, सोडून दिल्याचे परिणाम बाहेरून रोखण्याचा हा यत्न होता.

७

आता उतरंडीच्या दुसऱ्या मर्यादेकडे वळावे लागते. आतापर्यंतचा प्रश्न चौकटीच्या आतील सीमेचा होता. हा प्रश्न उतरंडीच्या एकूण उंचीचा आहे. लिनक्सवर सामान्य आज्ञावलीस बहुधा ८ मेगाबाइटांपर्यंत स्टॅक मिळतो. लिनक्सच्या गाभ्यात तो याहून फारच लहान असतो. ६४ बिटांच्या इंटेल धर्तीच्या यंत्रांवर ८ किलोबाइटांचे १६ किलोबाइट करण्यास २०१४ साल लागले. पुनरावर्तन खोल गेले, किंवा मोठी सारणी स्थानिक म्हणून जाहीर केली, की ही मर्यादा भेटते. अशा वेळी मानक काहीच सांगत नाही. ढिगातून स्मृती मागणाऱ्या 'मॅलॉक' या फंक्शनास नकार देता येतो आणि तो नकार तपासता येतो; स्टॅकवरील वाटपास नकाराची भाषाच नाही.

१९९९ च्या मानकाने, सारणीचे माप आज्ञावली चालू असताना ठरविण्याची मुभा देऊन हा धोका वाढविला. माप बाहेरून आलेल्या आकड्यावर अवलंबून असेल, तर उतरंडीचे टोक किती खाली जाईल हे परका ठरवू शकतो. २०११ च्या मानकाने ही सोय ऐच्छिक केली, आणि लिनक्सच्या गाभ्यातून अशा सारण्या २०१८ अखेर काढून टाकण्यात आल्या. दरम्यान जून २०१७ मध्ये 'स्टॅक क्लॅश' या नावाने एक दोषमालिका प्रसिद्ध झाली. उतरंडीखाली ४ किलोबाइटांचे एक निषिद्ध पान पहारेकरी म्हणून ठेवलेले असे. परंतु एखादी चौकट त्याहून मोठी असली, तर टोक पानास स्पर्श न करता पलीकडे उडी मारी आणि दुसऱ्या स्मृतिभागात शिरे. त्यावर लिनक्सने ही मोकळी जागा १ मेगाबाइट केली, आणि भाषांतरकांनी मोठी चौकट पानापानाने चाचपीत उतरण्याची रीत स्वीकारली.

येथे चॉम्स्की-मिलर यांचा भेद पुन्हा समोर येतो. व्याकरणशुद्ध परंतु अतिखोल वाक्य ऐकणाऱ्यास पेलत नाही. मानकशुद्ध परंतु अतिखोल आज्ञावली यंत्रास पेलत नाही. नियम आणि सामर्थ्य ही दोन भिन्न शास्त्रे आहेत, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे. फरक आहे तो अपयशाच्या स्वरूपात. माणसाची स्मृती अपुरी पडली, तर तो 'काय म्हणालात?' असे विचारतो. सी भाषेतील आज्ञावली असे विचारीलच याची शाश्वती नाही. ती कोलमडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या जागेस आपली समजून पुढे चालू लागते.

रिची आणि त्याच्या सहकाऱ्यांना दोष देणे या इतिहासावरून न्याय्य ठरणार नाही. ६४ किलोबाइटांच्या यंत्रावर, आपल्याच दालनातील सहकाऱ्यांसाठी त्यांनी भाषा घडविली. तेथे आज्ञावली लिहिणारा, ती चालविणारा आणि तिला मजकूर पुरविणारा हे बहुधा एकाच वर्तुळातील असत. विश्वास हा त्या भाषेचा अलिखित नियम होता. तीच भाषा अपरिचितांच्या जगात गेली, तेव्हा नियम अलिखित असल्यामुळेच तो बदलला आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. होअर याच्या ग्राहकांनी तपासणी राखली, कारण त्यांना तिची निवड करण्याची संधी मिळाली होती. सी भाषेच्या बहुसंख्य वापरकर्त्यांना तो प्रश्न विचारलाच गेला नाही. मानकात जो शब्द नाही, त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १९८९ प्रमाणे आजही आज्ञावलीकाराच्याच पदरात आहे.